नवा डीएसएलआर आणि अंधारे फोटो: एम मोडला सध्या हात लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या एका ताईंना त्यांच्या आतेभावाने स्वतःचा कॅनन १५००डी देऊन टाकलाय, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. महिनाभर वापरला, पण फोटो कधी अंधारे येतात, कधी हललेले, आणि त्याच जागी मोबाईल काढला की फोटो एकदम झकास. ओळखीतला जो भेटतो तो म्हणतो मॅन्युअलवर शिकल्याशिवाय काही खरं नाही. तर क्लास लावू का, नवी लेन्स घेऊ का, की गपचूप परत देऊन टाकू?

ताई, परत देऊ नका. मी ठाण्यात वीसेक वर्षं लग्नं, मुंजी, बारशी करतोय आणि सुट्टी मिळाली की खाडीवर पक्ष्यांच्या मागे असतो, त्यामुळे तुमच्यासारखे हातात कॅमेरा घेऊन वैतागलेले लोक माझ्याकडे दर महिन्याला एखादा तरी येतो. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला जमत नाही. तसं काही नसतं, बहुतेक वेळा एखादं बटण चुकीच्या जागी असतं आणि डोक्यात एक गैरसमज असतो.

आधी गैरसमजाचं बघू. मोबाईल एक फोटो काढत नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो आगेमागे बरेच फोटो घेतो, ते एकावर एक चिकटवतो, आकाशाचा भाग एकातून, चेहऱ्याचा दुसऱ्यातून, वर रंग चढवतो, चेहरा उजळतो, आणि मग तुम्हाला दाखवतो. डीएसएलआर यातलं जवळजवळ काहीही करत नाही. तो एकदाच डोळा उघडतो, मिटतो, जे आलं ते आलं. म्हणजे मोबाईल हा आयता डबा आहे आणि डीएसएलआर म्हणजे भाजी, तेल, मसाला सगळं ओट्यावर मांडून दिलंय, करा आता. पहिल्या दिवशी आयता डबाच चविष्ट लागणार, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

आता दोन गोष्टी आत्ताच तपासा, हे वाचता वाचता कॅमेरा हातात घ्या. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीकशी गोल चकती असते. कॅमेऱ्यातून बघा आणि ती फिरवा, आतले आकडे लख्ख दिसेपर्यंत. ती तुमच्या डोळ्याच्या नंबरसाठी असते, आतेभावाला चष्मा असेल तर ती त्याच्या नंबरवर बसलेली असणार आणि तुम्हाला सगळं धूसर दिसत असणार. दुसरं म्हणजे लेन्सच्या अंगावर डाव्या बाजूला दोन सरकती बटणं आहेत, एकावर एएफ-एमएफ (एएफ म्हणजे फोकस कॅमेरा करणार, एमएफ म्हणजे तुम्ही हाताने) आणि दुसरं स्टॅबिलायझरचं, म्हणजे हाताचा कंप सावरणारं. पहिलं एएफवर, दुसरं ऑनवर. बॅगेतून काढताना ही बटणं सहज सरकतात आणि कळतही नाही.

मला हे कसं माहीत ते सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट, ठाण्यातल्याच एका हॉलमधे लग्न होतं. मंगलाष्टकं संपत आली, मी घाईत लेन्स बदलली, अंतरपाट खाली गेला, मुलीने वर बघितलं, हार, अक्षता, मी धडाधड चाळीस एक फोटो काढले. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते, त्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं हो. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर नवरा-नवरी दोघं धुक्यात आणि मागच्या भटजींच्या खांद्यावरच्या उपरण्याचा काठ मात्र एकेक धागा मोजता येईल इतका स्पष्ट. लेन्स बदलताना बटण एमएफवर गेलेलं. मुलीच्या वडिलांना फोन करून ते सांगायला मला दोन दिवस लागले. तेव्हापासून सवय आहे, नवीन जागी पहिला फोटो काढला की भिंगाचं बटण दाबून तो मोठा करून डोळे बघायचे, पापण्या सुट्या दिसल्या तरच पुढे.

यातूनच मुख्य मुद्द्यावर येतो. फोटो ‘हललाय’ असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. फोटो मोठा करून बघा. फोटोतलं सगळंच, भिंत, माणूस, कुंडी, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? मग तुमचा हात हललाय. भिंत, कुंडी ठणठणीत आहे आणि फक्त पोरगं फराटलंय? मग पोरगं हललंय, हात नाही. आणि माणूस धूसर आहे पण त्याच्या पुढची किंवा मागची दुसरीच कुठलीतरी वस्तू स्पष्ट आहे? तर कोणीच हललेलं नाही, फोकस चुकीच्या ठिकाणी बसलाय. हे तीन ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं, खरंच सांगतो, वर्षानुवर्षं कॅमेरा बाळगणारे लोक हे न बघता नवीन लेन्स घेऊन मोकळे होतात.

फोकस चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ ठिपके आहेत आणि ऑटोवर ठेवलं की कॅमेरा स्वतःच ठिपका निवडतो. त्याला माणूस, देव, झाड काही कळत नाही, बहुतेक वेळा जे जवळ असेल ते धरतो. बहिणीचा फोटो काढायला गेलात तर तिच्या हातातली पर्स धरणार. म्हणून पाठीमागे उजवीकडे वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबून फक्त मधला ठिपका निवडा. तो ठिपका डोळ्यावर ठेवायचा, शटरचं बटण अर्धं दाबायचं, टिक झालं की बोट तसंच धरून हवी तशी चौकट लावायची आणि मग पूर्ण दाबायचं. हे अर्धं दाबणं बोटाला कळायला आठवडाभर लागतो. टीव्ही बघता बघता करा, फोटो काढायलाच पाहिजे असं नाही. आणि स्क्रीनवर बघून फोटो काढू नका, या कॅमेऱ्यात स्क्रीनवरचा फोकस फार हळू बसतो, डोळा लावूनच काढा, शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हातही कमी हलतो.

आता मोड. वरच्या मोडच्या चकतीवर एम, म्हणजे मॅन्युअल, आहे, तिथे जाऊ नका. मॅन्युअल म्हणजे खरी फोटोग्राफी हे जे लोक छातीठोकपणे सांगतात ना, त्यांच्यातले बरेचसे करतात काय, तर आतली उजेड दाखवणारी सुई मध्यावर येईपर्यंत चकती फिरवतात. अहो तेच काम कॅमेरा तुमच्यापेक्षा पटकन करतो. एमची गरज जिथे उजेड बदलत नाही आणि तुम्हाला प्रत्येक फोटो सारखा पाहिजे तिथे, स्टुडिओत, फ्लॅशवर, किंवा रात्री स्टँड लावून. मी स्वतः लग्नात निम्म्याहून जास्त वेळ एव्हीवर असतो आणि आजपर्यंत कुणी मला कमी पैसे दिलेले नाहीत.

एव्ही म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तुम्ही ठरवणार, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवणार. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो कितपत वाढवून उजळायचा तो आकडा, ऑटोवर ठेवा, मेनूत त्याची कमाल मर्यादा लावता येते, ती ३२०० करा. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, हे उलटं आहे आणि सगळ्यांचं डोकं पहिल्या आठवड्यात इथेच फिरतं. एफ ४ वरून ५.६ वर गेलात की उजेड निम्मा, ५.६ वरून ८ वर गेलात की त्याच्याही निम्मा. एवढं पाठ असलं तरी पुरे.

पुस्तकी व्याख्या सोडा, स्वयंपाकघरात जा. साखर, चहा, मीठ असे तीन डबे खिडकीजवळच्या टेबलावर एकामागे एक हातभर अंतराने ठेवा, थोडे तिरके, म्हणजे तिन्ही दिसतील. ट्यूबलाइट बंद. लेन्स ५५ वर म्हणजे पूर्ण झूम, तुम्ही जवळ, मधल्या डब्यावर फोकस. एक फोटो एफ ५.६ वर, एक ८ वर, एक १६ वर. मग तिन्ही कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावा. पहिल्यात चहाचा डबा स्पष्ट आणि बाकी दोन विरघळलेले, तिसऱ्यात तिन्ही डबे वाचता येतील. आणि हेही बघा की १६ वर शटर किती मंदावलंय किंवा आयएसओ किती वर चढलाय, कारण छिद्र बारीक केलं की तो उजेड कुठून तरी भरून काढावाच लागतो, फुकट काही नाही. मग लेन्स १८ वर आणून, लांब जाऊन तेच करा, धूसरपणा जवळजवळ गायब. म्हणजे मागचं धूसर व्हायला नुसता एफचा आकडा नाही, झूम किती आहे, तुम्ही किती जवळ आहात आणि माणसाच्या मागची भिंत किती लांब आहे हे सगळं लागतं. सोसायटीच्या भिंतीला पाठ लावून उभं केलेल्या माणसाची भिंत जगातली कुठलीच लेन्स नीट धूसर करणार नाही. त्याला भिंतीपासून पाच-सात पावलं पुढे आणा, ५५ वर या, जवळ जा, तुमची हीच साधी लेन्स मजा दाखवेल.

पोरं, कुत्री, कबड्डी, गोविंदा असं काही असेल तर एव्ही सोडून टीव्हीवर या. हो, चकतीवर तसंच लिहिलंय, टीव्ही, त्यात सिरीयल लागत नाही. इथे शटरचा वेग तुम्ही सांगायचा. खेळणाऱ्या पोरांना १/२५० तरी, धावणाऱ्यांना १/५००. स्टॅबिलायझर फक्त तुमचा हात सावरतो, समोरचं पोरगं थांबवायची ताकद त्याच्यात नाही, हे विसरू नका. आणि हाताचा हिशोब असा की झूमचा आकडा जितका, शटर त्याच्यापेक्षा वेगवान पाहिजे, त्यातही तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, छोटा असल्याने १.६ ने गुणायचं, म्हणजे २५० वर असाल तर १/४००. स्टॅबिलायझर चालू असेल तर याच्याहून कमीतही निभतं, पण नवीन हाताने त्याच्या भरवशावर राहू नये.

आता अंधाऱ्या फोटोंबद्दल, कारण तुमची मूळ तक्रार ती आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अडाणी आहे. त्याची समजूत अशी की जगात सगळं मिळून सरासरी राखाडी रंगाचं असतं, आणि समोर काहीही आलं तरी तो त्याला राखाडी करायला बघतो. पटत नसेल तर घरातला पांढरा पंचा दोरीवर टाका, चौकट पूर्ण पंच्याने भरा आणि फोटो काढा. मळका राखाडी येईल. मग काळी छत्री उघडून तसाच चौकटभर फोटो काढा. तीही राखाडी! दोन फोटो शेजारी ठेवलेत तर पंचा कुठला नि छत्री कुठली ते कापडाच्या विणीवरूनच ओळखावं लागेल. हे एकदा डोळ्याने बघितलंत की आयुष्यभर विसरणार नाही, मी शिकवायला बसलो की पहिला धडा हाच देतो.

औषध सोपं आहे. पाठीमागे एव्ही अधिक-उणे असं लिहिलेलं बटण आहे, ते दाबून धरा आणि शटरच्या बटणामागची छोटी चकती फिरवा. पंच्याला अधिक १ किंवा थोडं वर, छत्रीला उणे १. माणूस खिडकीसमोर किंवा पांढुरक्या आकाशासमोर उभा असेल तर चेहरा काळा येतो तो याच कारणाने, अधिक १ द्या. रात्री दिव्यांचा फोटो काढताना कॅमेरा अंधाराला उजळायला बघतो आणि दिवे पांढरे फटक जळून जातात, तिथे उणे १. आणि फोटो झाला की बटण शून्यावर परत आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फोटो उतू गेल्यासारखे येतील आणि तुम्ही परत कॅमेऱ्याला शिव्या द्याल. माझं ऐकाल तर पहिले तीन महिने हे एक बटण आणि तो मधला ठिपका, एवढ्यावरच काढा.

कुठे जायचं म्हणाल तर तुमच्या भागासारखी चैन नाही. संध्याकाळी ठाण्यात आलात तर तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. सगळे चूक ही करतात की मिट्ट काळोख झाल्यावर जातात. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि दिवे लागलेले असतात, तेवढी दहा-पंधरा मिनिटं खरी. स्टँड नसेल तर कठड्यावर नॅपकिनची घडी, त्यावर कॅमेरा, पट्टा हाताला गुंडाळलेला, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदाचा टायमर म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही, आणि कॅमेरा असा टेकवलेला असेल तेव्हा स्टॅबिलायझर बंद. शटर काही सेकंद उघडं राहील, पाण्यातल्या दिव्यांच्या लांब रेषा येतात, चालणारी माणसं पुसली जातात. गर्दी आहे म्हणून रडायचं कारणच नाही, गर्दी फोटोत उरतच नाही. उपवन तलावावर मात्र सूर्यास्त गाठायला जाऊ नका, येऊरचे डोंगर पश्चिमेला आहेत, सूर्य घड्याळातल्या वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो. तिथे सकाळी जा, कोवळं ऊन समोरच्या डोंगरावर पडतं.

पण तुमच्याकडे ५५-२५० आहे आणि तुम्ही ऐरोलीत राहता म्हणजे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. तुमच्या शेजारच्या ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मधे फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मधे रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आला, आणि लोक लांबून लांबून येतात तिथे तुम्ही रिक्षाने जाऊ शकता. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे पर्यंत पक्षी असतात. लोक जातात आणि लांब चिखलात गुलाबी ठिपके बघून परत येतात, कारण भरती बघून जात नाहीत. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला त्यावर दूर पसरतात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि थवे सीवूड्सच्या तळावे पाणथळीत, नेरूळच्या डीपीएस तलावात येऊन टेकतात, तिथे २५० ची लेन्स पुरते.

भरतीची वेळ मोबाईलवर मिळते, पण आमच्याकडचा जुना हिशोब सांगतो जो कोळी लोक सहज करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमीला पाऊणपट म्हणजे पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा वेळ लागतो तो धरा. आता फोटोग्राफरच्या नजरेने बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण जोरदार, पण भरती भर दुपारच्या आसपास, म्हणजे डोक्यावर ऊन आणि फोटोची वाट. एकादशी-द्वादशीला भरती सकाळी आठ-नऊला, सूर्य जमिनीच्या बाजूला म्हणजे तुमच्या पाठीमागे, ऊन थेट पक्ष्यांच्या अंगावर. मी सुट्टी टाकताना आधी कालनिर्णय बघतो, बायको म्हणते उपास सोडून बाकी सगळं एकादशीला करतो.

तिथे गेल्यावर टीव्ही मोड, उभ्या पक्ष्यांना १/५००, उडणाऱ्यांना १/१०००, आणि फोकसची पद्धत वन शॉट काढून एआय सर्वो करा, म्हणजे अर्धं दाबून धरलं की कॅमेरा पक्ष्याच्या मागे मागे फोकस हलवत राहतो. आणि पंचा-छत्री आठवा. पक्षी जवळजवळ पांढरा आणि पाणी गडद असेल तर मीटर पाण्याला उजळायला जाईल आणि पक्ष्याची पिसं जळतील, उणे पाऊण वगैरे द्या. तोच पक्षी उडून पांढुरक्या आकाशावर गेला की उलट, अधिक १. पुढे जाऊ नका, हाकलून उडवू नका, टाळ्या वाजवणारे महाभाग मी बघितलेत. चार तास बसावं लागलं तरी बसा.

घरगुती गणपतीच्या फोटोंबद्दल एक सांगून ठेवतो कारण हा प्रश्न दरवर्षी येतो. एलईडीच्या माळा लावल्यात आणि लागोपाठ काढलेल्या फोटोत एकात मखर उजळ, एकात काळपट, एकात मधेच आडवे पट्टे. कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, डोळ्याला दिसत नाही पण १/५०० चं शटर त्यातला एखादा तुकडाच पकडतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जवळजवळ जातात. आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश आरतीच्या वेळी बंदच, निरांजनाचा सगळा पिवळा उजेड तो खाऊन टाकतो आणि मुकुटावर पांढरा डाग मारतो.

रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) काढायचं की जेपेग (तयार फोटो) हे लगेच ठरवायची गरज नाही, पण दोन्ही एकत्र ठेवायची सोय आहे ती चालू करा. आज जेपेग वापरा, वर्षभराने हात बसला की याच फोटोंच्या रॉ फाइली उघडाल, ट्यूबलाइटमधला हिरवट चेहरा त्यात बराच सुधारता येतो. नुसत्या रॉ असतील तर ३२ जीबीच्या कार्डात हजाराच्या आसपास बसतात, जोडीला जेपेग घेतलंत तर अर्थातच कमी. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पुरे. कार्ड कॉम्प्युटरवर पुसू नका, फोटो उतरवून झाले की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

पावसाळ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. आपल्याकडची जुलैतली हवा म्हणजे लेन्सच्या आत बुरशीची शेतीच. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या बॅगेत किंवा कपाटात कपड्यांशेजारी ठेवलात तर दिवाळीला काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील, आणि ते काढायचा खर्च कधी कधी लेन्सइतकाच येतो. भांड्यांच्या दुकानातून घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर, ४० ते ५० टक्क्यांत काटा राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करायचे. तांदूळ घालू नका, त्याची पूड आत जाते. एसी गाडीतून येऊरला उतरलात तर पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या, एकदम काढलात की काचेवर दव धरतं. आणि काचेवर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते, रबराचा फुगा मिळतो तो घ्या.

क्लासचं म्हणाल तर आत्ता नाही. आत्ता गेलात तर तीन रविवार बटणांची नावं ऐकण्यात जातील जी तुम्हाला वर कळलीच आहेत. तीन महिने काढा, मग अशा ठिकाणी जा जिथे शिकवणारा तुमचे फोटो समोर लावून त्यातलं काय चुकलं ते सांगतो. जिथे फक्त त्याचेच फोटो दाखवले जातात तिथे पैसे भरू नका.

लेन्स घ्यायची तर पुढची एकच, ५० मिलिमीटर एफ १.८. तुमची १८-५५ ही ५५ वर ५.६ पर्यंतच उघडते, तिच्यापेक्षा ही सरळ साडेनऊ पट उजेड आत घेते, घरातल्या संध्याकाळच्या उजेडात फरक लगेच कळतो. पण झूम नाही, पुढे-मागे पायाने व्हायचं. फोर्टात बोरा बाजारात वापरलेल्याही मिळतात, घेताना टॉर्च मागून मारून आत धागे दिसतात का ते बघा, आणि स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, लावून फोटो काढून मोठा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मिररलेसवाले, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे वापरणारे, तुम्हाला चिडवतील की डीएसएलआर संपला. नवीन डीएसएलआर कंपन्या आता जवळजवळ काढत नाहीत हे खरं आहे. पण तुमच्या लेन्स ज्या ईएफ जातीच्या माऊंटवर, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या लेन्स लावायच्या कड्यावर, बसतात ते माऊंट १९८७ पासून चालू आहे, सेकंडहँड बाजारात त्याच्या लेन्सचा ढीग पडलाय आणि भाव उतरलेत, शिकणाऱ्याला याहून चांगला काळ कुठला. उद्या मिररलेस घेतलात तरी कॅननचा अडॅप्टर लावून याच लेन्स त्यावर चालतात.

डबे आणि पंचा-छत्रीचे फोटो काढलेत की मला दाखवायला पाठवा, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून बारीक करतो आणि शटर, एफ, आयएसओची सगळी नोंद पुसून टाकतो, आणि मला फोटोपेक्षा आधी तीच बघायची असते.